दमानं ओढा : गाडीवरचं जुनं रेडियम आणि त्यामागचं विज्ञान

नवं स्टीलचं पातेलं घरी आलं की आई आधी गॅस पेटवते. लेबलाच्या उलट बाजूनं दोन-चार सेकंद आच दाखवते, नखानं कोपरा उचलते आणि लेबल अखंड हातात येतं. खाली चिकट डागसुद्धा राहत नाही. तेच लेबल गार पातेल्यावरून खरवडायला घेतलं की कागदाचे कपटे निघतात आणि उरलेला चिकटा आठवडाभर भांड्यावर काळा होत बसतो.

यंदा दाजींनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. दाजीपूर, आंबोली, जमलं तर पुढं कोकण, असा त्यांचा बेत. फिकट निळी फायबरची बॉडी, आत दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी. गाडी दमदार, पण दोन्ही अंगांवर आधीच्या मालकाचे मोठाले पट्टे, डोंगराचं चित्र आणि हातभर उंचीच्या अक्षरांत ‘भटकंती’. बारा वर्षं उन्हात राहून ते सगळं तळ उघडा पडलेल्या तळ्यासारखं भेगाळलं होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं कटरची पत्ती घेऊन बसलो. दोन तासांत तळहाताएवढी जागा मोकळी झाली आणि फायबरवर दोन लांब ओरखडे उमटले. आईचं पातेलं तेव्हा आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात एका रेडियमवाल्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला, आमची पत्ती बघितली आणि म्हणाले, “दाजी, ती ठेवा बाजूला. ह्याला ताकद लागत न्हाई. दमानं घ्यायला लागतंय.”

‘दमानं’ या एका शब्दात अर्धं विज्ञान आहे. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम नसतं. पिएर आणि मारी क्युरी यांनी १८९८ साली शोधलेलं ते किरणोत्सारी मूलद्रव्य एकेकाळी घड्याळाच्या काट्यांवर लावायच्या, अंधारात चमकणाऱ्या रंगात घालत. रात्री चमकतं ते रेडियम, एवढ्याच नात्यानं गाडीच्या चमकत्या पट्ट्यांना ते नाव मिळालं आणि पुढं न चमकणाऱ्या स्टिकरलाही लागू झालं. प्रत्यक्षात तो पीव्हीसीचा, म्हणजे शेतातल्या पाइपच्याच जातीच्या प्लॅस्टिकचा, पातळ पापुद्रा असतो. त्याच्या पाठीला डिंकाचा थर. शेतातला पाइप कडक आणि हा पापुद्रा मऊ, कारण पापुद्र्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट रसायन मिसळलेलं असतं. प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंच्या मध्ये शिरून ते त्यांना एकमेकांवरून घसरू देतं. पावसाळ्यातला रेनकोट घडी घालता येण्याइतका मऊ असतो तोही त्याच्यामुळंच.

हा पापुद्रा दोन प्रकारांनी बनतो. महाग प्रकार ओतून करतात. तो साधारण ५० मायक्रॉन जाड, म्हणजे बारीक केसाएवढा. स्वस्त प्रकार तापलेल्या रुळांमधून लाटून करतात, तो ७५ ते १०० मायक्रॉन. लाटताना पापुद्र्याला जो ताण बसतो तो थंड झाल्यावर आतच कोंडून राहतो आणि पुढं वर्षानुवर्षं पापुद्रा मूळ मापाकडं आकसत राहतो. जुन्या स्टिकरच्या कडेनं काळी बारीक रेघ दिसते ना, ती या आकसण्याची खूण. पापुद्रा मागं सरला, डिंक उघडा पडला आणि त्यावर रस्त्याची धूळ बसली.

आता उन्हाचं काम. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला इथं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, उरलेलं वर्षभर दक्षिणेला. त्यामुळं गाडी कायम एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल, तर तिच्या दोन अंगांचं वय सारखं वाढत नाही. दाजींच्या गाडीचं उजवं अंग डाव्यापेक्षा उघड उघड जास्त भाजलं होतं. आधीची किती वर्षं ती कशी उभी असायची, हे त्या अंगावरून ताडता येत होतं.

उन्हातल्या अतिनील किरणांत पीव्हीसीमधला कार्बन आणि क्लोरीन यांचा बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. एक बंध तुटला की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतं आणि शेजारचा बंध कमजोर होतो. मग तो जातो, मग त्याच्या पुढचा. सुटलेल्या चेनसारखी ही ओळ उसवत जाते आणि प्लॅस्टिक पिवळं, मग तपकिरी पडतं. त्याच वेळी प्लॅस्टिसायझर हळूहळू उडून जातं, काही खालच्या डिंकात झिरपतं. मऊपणा देणारंच निघून गेल्यावर उरतो तो पुन्हा शेतातला कडक पाइप, फक्त केसाएवढा जाड. तो ओढला की वाकत नाही, कडकन तुटतो. आमच्या पत्तीखाली कपटे पडत होते ते म्हणून.

डिंकाची गोष्ट वेगळी. हा ॲक्रिलिक डिंक फेव्हिकॉलसारखा सुकून घट्ट होत नाही. तो कायम ओलसर, अतिशय दाट द्रवासारखा राहतो. कोल्हापूरकरांना हे गुऱ्हाळावर समजावून सांगणं सोपं. काहिलीतला पाक तापलेला असताना वाहतो, निवत गेला की काकवीसारखा दाटतो आणि गार होऊन त्याचा गूळ झाला की ढेप फोडावी लागते. पदार्थ तोच, तापमानानुसार वागणं वेगळं. गुळव्या थेंबभर रस गार पाण्यात टाकून गोळी जमते का बघतो, तेव्हा निवल्यावर तो रस कसा वागेल हेच बघत असतो. स्टिकरचा डिंक शून्याखाली कित्येक अंश उतरल्यावरच गुळासारखा कडक होतो. आपल्या हवेत तो वर्षभर काकवीच असतो. वर्षानुवर्षं तो फायबरवरच्या सूक्ष्म खड्ड्यांत उतरत राहतो, म्हणून काल लावलेला स्टिकर सहज निघतो आणि बारा वर्षांपूर्वीचा निघत नाही.

काकवीचा आणखी एक गुण इथं कामाला येतो. सावकाश ओढली तर ती लांबत जाते. झटक्यात ओढली तर तिच्या रेणूंना एकमेकांवरून सरकायला वेळ कमी मिळतो आणि ती जास्त विरोध करते. डिंकाचंही तसंच. जितक्या वेगानं ओढाल तितका जास्त जोर लागतो आणि तो सगळा जोर ठिसूळ पापुद्र्यावर येतो. मिस्त्रींचा ‘दमानं’ तो हाच.

मिस्त्रींनी हीट गन घेतली. अशा गनच्या तोंडाशी हवा पाचशे अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून ते ती वीतभर लांब धरून सतत फिरवत होते. फायबर एका जागी भाजलं तर वरच्या थराला फोड येतात आणि आतले थर सुटतात. घरी करणाऱ्यानं केस वाळवायचा ड्रायर घ्यावा. वेळ लागतो, पण नुकसान होत नाही. पृष्ठभाग ५० ते ६० अंशांपर्यंत आला की पुरे. बोटाची पाठ क्षणभर टेकवून लगेच उचलावीशी वाटेल, इतपत. या तापमानाला उष्णता दोन कामं एकदम करते. डिंक ढिला होतो आणि कडक झालेला पापुद्राही तेवढ्यापुरता वाकायला तयार होतो.

वाकणं महत्त्वाचं, कारण ओढायच्या कोनावर जोर ठरतो. पट्टी गाडीला जवळजवळ समांतर, पुढच्या दिशेनं ओढली तर प्रचंड जोर लागतो. काटकोनात ओढली तर बराच कमी. पूर्ण मागं दुमडून ओढली तर हिशेबानं काटकोनाच्या निम्मा. पण इतकी तीव्र घडी जुन्या पापुद्र्याला सोसत नाही, म्हणून मिस्त्री काटकोनाच्या आसपासच राहत होते. कोपरा प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचलायचा, मिनिटाला एखादी वीत या चालीनं ओढायचं आणि गन हाताच्या थोडी पुढं चालत ठेवायची.

मी शेजारी उभा राहून बघत होतो. पापुद्रा आणि फायबर यांच्यामध्ये जिथं ते सुटत होतं, तिथं एक बारीक पांढुरकी रेघ पुढं सरकत होती. एकदा तिथं कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणले गेले. मिस्त्रींनी लगेच गन लांब नेली. “तार सुटली. जास्त तापलं,” म्हणाले. पाकाची तार बघणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. डिंक फार पातळ झाला की फायबरवरून सुटण्याऐवजी स्वतःच मधून फाटतो, अर्धा पापुद्र्याबरोबर जातो, अर्धा गाडीवर राहतो. उलट ‘कट्’ असा आवाज होऊन तुकडा तुटला तर गार पडलं समजायचं. तार आणि कट् यांच्या मधली जागा सापडली की काम सुरळीत चालतं.

तरी थोडा चिकटा उरतोच. तो पुसायला थिनर घेऊ नका, हे कळकळीनं सांगतो. आम्ही रविवारी खिडकीजवळ थिनरचा बोळा फिरवला होता. ॲक्रिलिकच्या त्या खिडकीचा कोपरा बारीक भेगांच्या जाळीनं कायमचा धुरकट झाला. थिनरमधले टोल्युईन, ॲसिटोनसारखे द्रव डिंकाबरोबर प्लॅस्टिकमध्येही शिरतात आणि त्यात आधीपासून असलेल्या ताणाला वाट करून देतात. फायबरवर त्याऐवजी संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून, म्हणजे लिमोनीनपासून बनवलेला क्लीनर, टर्पेंटाईन किंवा नुसतं खोबरेल तेल चालतं. फडकं भिजवून चिकट्यावर ठेवायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद लावायचा आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. द्रव डिंकात मुरायला वेळ लागतो. मुरला की डिंक फुगून जेलीसारखा होतो आणि जुन्या एटीएम कार्डानं सरकतो. पेट्रोल मात्र कधीच नको. टर्पेंटाईन किंवा संत्र्याचं तेलसुद्धा गरम पृष्ठभागावर नको, तेही पेट घेतं. गन बंद, गाडी पूर्ण गार, मगच ओलं फडकं. निघालेले कपटे पोत्यात भरून कचरागाडीत द्यावेत. पेटवले तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात.

संध्याकाळपर्यंत दोन्ही अंगं मोकळी झाली. पण ‘भटकंती’ गेली नाही. स्टिकरखालचा निळा रंग बारा वर्षांपूर्वीइतका गडद होता आणि भोवतालचा विटलेला, त्यामुळं प्रत्येक अक्षर निळ्यावर निळं उठून दिसत होतं. आम्हाला वाटलं अजून डिंक आहे, पुन्हा पुसलं. तो डिंक नव्हता. अक्षरांनी आपल्या खालच्या फायबरवर बारा वर्षं सावली धरली होती.

भोवतालचा रंग विटतो तो दोन प्रकारांनी. एकात वरचं राळेचं आवरण उन्हानं झिजतं, रंगाचे कण सुटे पडतात आणि पृष्ठभाग खडूसारखा खरखरीत होतो. बोट फिरवलं तर पूड लागते. खरखरीत पृष्ठभाग उजेड सगळीकडं विखुरतो, म्हणून फिका दिसतो. दुसऱ्या प्रकारात रंगद्रव्याचाच रेणू मोडलेला असतो. दोन्हींतला फरक ओळखायला पाणी पुरतं. ओलं केल्यावर खरखरीतपणातले खाचखळगे भरतात, उजेड विखुरणं थांबतं आणि रंग तात्पुरता परत येतो. तसं झालं तर पॉलिशनं काम होणार. कारच्या वरच्या पारदर्शक थराची जाडी ४०-५० मायक्रॉन असते, फायबरच्या वरच्या रंगीत थराची मात्र साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणून इथं घासायला वाव असतो. ओलं करूनही डाग दिसत राहिला, तर घासून तो जाईलच असं नाही.

आम्हाला बादली न्यावी लागली नाही. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. आम्ही शेडखालून बघत राहिलो. गाडीचं डावं अंग भिजलं तशी अक्षरं एकेक करून विरली आणि सगळी बाजू एकसारखी गर्द निळी झाली. उजव्या अंगावर मात्र भर पावसातही ‘ती’ची वेलांटी स्पष्ट दिसत होती.