गिअरबॉक्सला मारलेली थाप

साखरपा मागे पडून आंबा घाटाची चढण लागली की भाच्याची ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना क्षणभर मोकळी सुटायची. वरचा गिअर पडताना आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, उतरायला हवेत. इथे काटा २,४०० वरून ३,००० कडे उसळायचा, इंजिन ओरडायचं आणि वेग काही वाढायचा नाही. मग हिसका देऊन गिअर पकडायचा. सकाळी घरून निघताना वेगळंच नाटक: डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकलं की कधीमधी धाडकन झटका. मिस्त्रीने एका वाक्यात निकाल दिला, "गिअरबॉक्स उघडायला लागेल."

मला ते पटेना. या डिझेल सेडानला मोठा एक्झॉस्ट आणि ‘पिकअप वाढवणारा’ ट्यूनिंग बॉक्स नंतर लावलेला होता. अशा गाडीत गिअरबॉक्सवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

नेहमीच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनचा जोर तेलातून पुढे देणाऱ्या) ऑटोमॅटिकच्या पोटात दातेरी चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. त्यातलं कुठलं फिरू द्यायचं आणि कुठलं धरून ठेवायचं, हे क्लच प्लेटांचे जुडगे ठरवतात. गिअर बदलताना एक जुडगा सुटतो, त्याच वेळी दुसरा आवळला जातो. आवळायचं काम तेलाच्या दाबाचं. दाब जास्त झाला तर झटका बसतो, कमी पडला तर प्लेटा घसरतात. भाच्याच्या गाडीत दोन्ही होत होतं, म्हणूनच मला शंका आली की दुखणी दोन आहेत.

दाब किती लावायचा? गिअरबॉक्सचा संगणक इंजिनचा जोर स्वतः मोजत बसत नाही. इंजिनच्या संगणकाकडून टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा घेतो आणि त्याला पुरून थोडा उरेल एवढा दाब लावतो. ग्यानबाची मेख इथेच आहे. ट्यूनिंग बॉक्स बसतो रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत आणि खरा आकडा कमी करून पुढे पाठवतो. इंजिनच्या संगणकाला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो. डिझेल जास्त फवारलं जातं, गाडी पळते. त्याच्या वहीत मात्र टॉर्क जुनाच. समजा खरा टॉर्क ३८० न्यूटन-मीटर आणि वहीत ३००. तर प्लेटा आवळल्या जाणार ३०० च्या हिशेबाने.

घसरण्याची किंमतही मोजता येते. ३०० न्यूटन-मीटर जोर पेलणारी प्लेट ५०० आरपीएमच्या फरकाने घसरत असेल, तर साधारण १५,७०० वॅट उष्णता तयार होते. एक हजार वॅटच्या पंधरा इस्त्र्या, आणि त्या टेकवलेल्या कागदासारख्या पातळ अस्तरावर. प्रत्येक गिअर बदलताना प्लेटा थोड्या घसरतातच, पण सेकंदाच्या आत सगळं आटोपतं. रेंगाळलं की अस्तर करपतं आणि तेलाला जळका वास येतो.

"पण मामा, बॉक्स लावून चार महिने गाडी मस्त होती की!" हा भाच्याचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. गिअर पडायला किती वेळ लागला हे संगणक पाहत असतो. उशीर दिसला की पुढच्या वेळी दाब थोडा वाढवतो. चार महिने तो निमूटपणे सांभाळून घेत होता. या दुरुस्तीलाही मर्यादा असते. मे महिन्याची दुपार, एसी चालू, गाडीत पाच माणसं, वर घाट. तेल तापून पातळ झालं, सीलांमधून जास्त झिरपू लागलं आणि उरलीसुरली मर्यादा तिथे संपली.

सकाळच्या झटक्याचं कारण समुद्राने दिलं. गाडी मिऱ्याला लाटांच्या आवाजात उभी असते. एक्झॉस्ट बदलताना गिअरबॉक्सच्या वायरींचा प्लग काढला होता, त्याचं रबर नीट बसवलेलं नव्हतं. प्लग सोडला तर आतल्या पिना हिरव्यागार, कल्हई गेलेल्या पातेल्यासारख्या कळकलेल्या. दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवरच्या झडपेचा, वीजप्रवाह तुटला तर बहुतेक गिअरबॉक्समध्ये दाब पूर्ण चढतो. बिघाड झालाच तर प्लेटा जळू नयेत म्हणून केलेली ती सोय. पिना साफ केल्या, नवं रबर घातलं. झटका गेला, घाटातलं उसळणं राहिलं.

मग तेल. कित्येक गाड्यांत डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंशांवर असताना खालचं तेलाचं बूच उघडून पातळी बघतात. आपल्याकडे मेच्या दुपारी इंजिन चालू करण्याआधीच तेल पस्तिशीला टेकलेलं असतं; गाडी लिफ्टवर चढवून पाना सापडेपर्यंत चाळिशीच्या पुढे निघून जातं. फुगलेलं तेल बाहेर वाहतं, आणि पातळी बरोबर केली असं समजून आपण ती कमी करून ठेवतो. आम्ही पहाटे सहाला बघितलं. पातळी ठीक होती, वास किंचित जळका. तेल बदललं.

शेवटची परीक्षा फुकटची. ट्यूनिंग बॉक्स काढला, तीच पाच माणसं बसवली, तोच घाट, तीच दुपार. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा २,४०० वरून सरळ १,६०० च्या आसपास उतरला. तीन वळणं झाली, चौथं झालं. भाचा गप्प.

आंब्याला चहा घेताना म्हणाला, "मामा, ट्रक मागे टाकताना मजा नाही आली पण."