राजासॉरसचा रंग कुणी पाहिला?
बडोद्याची मराठी मंडळी मुलांना घेऊन बालासिनोरजवळच्या रायोलीला जाऊन आली, की दांडिया बाजारात हमखास ऐकू येतं: 'हाडांवरून राजासॉरस हा डायनोसॉर हुबेहूब कळलाय, अगदी रंगासकट!'

रंगासकट नाही. 1982 ते 1984 दरम्यान तिथे मिळाली ती मेंदूभोवतीची कवटी, मणके, कंबरेची आणि पायांची हाडं. नाव मिळालं 2003 मध्ये. त्यावरून बांधा समजतो, कपाळावरचं बुटकं शिंग समजतं. स्नायूंचाही अंदाज येतो, कारण ते चिकटतात तिथे हाडावर खुणा उरतात. चरबी, गळ्याखालची पोळी यांचा मात्र सहसा मागमूस राहत नाही. नुसत्या सांगाड्यावरून हत्तीचे सुपाएवढे कान कुणाला सुचले असते?

चित्रांत त्याच्या अंगावर दिसणाऱ्या खवल्यांची कल्पना तशी हवेतली नाही. अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरस या भाऊबंदाच्या कातडीचे ठसे सापडलेत. आणि रंग कधीच कळत नाही, असंही नाही बरं का! चीनच्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या टिकल्या होत्या; त्यावरून 2010 मध्ये त्याच्या शेपटीवरचे तांबूस पट्टे ओळखता आले. राजासॉरसची उरली ती हाडंच, त्यामुळे चित्रातला रंग चित्रकाराचा.