विकास-विलंब व अवधानाची अडचण असलेल्या बालकाचे संगोपन : खान्देश

ज्या बालकाचे बसणे, चालणे, बोलणे, समजणे किंवा इतरांत मिसळणे वयाच्या मानाने मागे पडते आणि ज्याचे लक्ष एका जागी ठरत नाही, त्याची सहा वर्षांपर्यंत घरी, अंगणवाडीत आणि दवाखान्यात घ्यावयाची काळजी. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खान्देशात अशा मुलाला ‘वांड’, ‘हट्टी’, ‘गतिमंद’ ही नावे लवकर चिकटतात. दवाखान्यातले नाव मात्र पुष्कळ उशिरा मिळते, आणि संगोपनाचा खरा काळ नेमका या दोहोंच्या मधला असतो.

दवाखान्यातली नावेही या वयात पक्की नसतात. पाच वर्षांखालील मूल दोन किंवा अधिक बाबतींत बरेच मागे असेल, तर ‘सर्वांगीण विकास-विलंब’ असे लिहितात. ते कामचलाऊ नाव आहे. पुढे तपासणीनंतर बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा आणखी काही ठरते, तर काही मुले बरीच मजल भरून काढतात. अवधानाच्या अडचणीला एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार) म्हणायचे, तर लक्षणे किमान सहा महिने आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ घरी व अंगणवाडीत, दिसावी लागतात. चार वर्षांच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, कारण तीन वर्षांचे कुठले मूल शांत बसते? शिवाय लक्ष मोजायचे ते समजेच्या वयाशी ताडून. पाच वर्षांचे मूल समजेने तीनचे असेल, तर त्याच्याकडून पाचच्या मुलाइतक्या एकाग्रतेची अपेक्षा धरणे चूकच.

मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, दोन वर्षांचे होऊनही ‘आई, ये’ असे दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, किंवा आलेले शब्द गमावून बसते, तेव्हा थांबू नये. घरातली वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ ते खरेही असते, पण त्या धीरापायी दोन वर्षे निघून जातात. मूल कमी दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मले असेल, जन्मतः रडले नसेल किंवा नवजात वयात त्याला झटके आले असतील, तर पहिल्या वर्षापासूनच पाठपुरावा हवा. आणि बोलणे उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानांची. दाराचा आवाज ऐकून वळते म्हणजे ऐकू येते, असे होत नाही. काही आवाज पोचतात, काही पोचत नाहीत.

खान्देशातली खास गुंतागुंत भाषेची आहे. घरात अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली, सातपुड्यात पावरी किंवा भिली, आणि अंगणवाडीत मात्र पुस्तकी मराठी. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचे चार वर्षांचे मूल ‘इकडे ये, गोल करून बसा’ ऐकून भिंतीकडे पाहत राहिले, तर त्याचे लक्ष नाही की त्याला भाषाच कळली नाही? नोंदवहीत दोन्ही सारखेच दिसते. म्हणूनच ‘दोन ठिकाणी’ ही अट इथे मोलाची ठरते: घरी घरच्या बोलीत (अहिराणीत ‘आठे ये’, म्हणजे इकडे ये) म्हटल्यावर मूल लगेच येत असेल, तर आधी भाषा तपासावी, मग अवधान. शब्द मोजतानाही तोच घोळ होतो. ‘किती शब्द बोलतो?’ असे डॉक्टरांनी विचारले की आई शाळेतले शब्द मोजते आणि ‘पानी’, ‘आठे’, ‘तठे’ सोडून देते. सगळ्या बोलींतले शब्द मिळून मोजायचे असतात. दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्याचा विकार जडत नाही; त्यामुळे घरची बोली बंद करून नुसती प्रमाण मराठी, त्याहून वाईट म्हणजे मोडकीतोडकी इंग्रजी, बोलण्याचा सल्ला आईकडून तिची सर्वांत सकस भाषाच काढून घेतो.

घरचे काम हीच या वयाची मुख्य शाळा. लांबून ओरडून उपयोग नाही. जवळ जायचे, उकिडवे बसायचे, खांद्याला हात लावायचा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ‘चप्पल काढ, हात धू आणि ताटावर बस’ यातले शेवटचे तेवढे मुलाच्या हाती लागते. भाकरी करताना पिठाचा एक गोळा त्याच्यापुढे ठेवला, की थापटणे, ‘अजून’ मागणे, ‘झालं’ म्हणणे आणि आपली पाळी येईतो थांबणे हे चारही धडे एका चुलीपाशी होतात. भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवले, तर दाणे एका वाटीत, फोलपटे दुसरीत. सुरुवात पाच शेंगांनी. मूल उठून पळण्याआधीच ‘झालं, शाबास’ म्हणायचे, म्हणजे काम पुरे करण्याची चव त्याला कळते. पुढच्या आठवड्यात सात शेंगा. तांब्या दिसला की आंघोळ, वाकळ अंथरली की झोप, अशा वस्तूंच्या खुणा शब्दांपेक्षा लवकर समजतात. मोबाइल दिला की मूल शांत बसते खरे, पण त्या वेळात त्याच्याशी कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाहून जास्त नको, असे सांगितले आहे.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपार घरात कोंडून काढावी लागते, रात्री घर तापलेले, झोप अपुरी, आणि दुसऱ्या दिवशी चंचलपणा दुप्पट. म्हणून धावणे-चढणे सकाळीच उरकावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बांधलेला झोका सणानंतरही राहू दिला तर पुष्कळ मुले त्यावर निवतात. दुसरी बाब अधिक गंभीर. असे मूल विचार न करता धावते, आणि शेतात कठडा नसलेल्या विहिरी, सुरू मोटर, कपाशीच्या फवारणीचे औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले. कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर त्याला सोडणे धोक्याचे आहे.

सरकारी वाट अंगणवाडीतून जाते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासतात. विकासातील विलंब हा तपासणीच्या चार भागांपैकी एक. अडचण दिसली की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचार, वाचा व श्रवण, मानसशास्त्र या सेवा एका छताखाली असाव्यात, अशी रचना आहे. पण सातपुड्यातल्या धडगावहून नंदुरबारला जायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. दर आठवड्याला बोलावण्यापेक्षा महिन्यातून एकदा बोलावून आईला घरी करायच्या दोन गोष्टी हाताने करून दाखवणारा उपचारक अशा घराला जास्त उपयोगी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) व वाचादोष येतात. एडीएचडीला स्वतंत्र जागा नाही. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत मारणे वा मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. घरातल्या माराला मात्र अजून ‘शिस्त’ म्हणतात. त्याने चंचलपणा घटत नाही, मूल फक्त दडून बसायला शिकते.

लहान वयात अवधानासाठी पहिला उपाय पालकांचे प्रशिक्षण हाच. गोळ्यांचा विचार बहुधा सहा वर्षांनंतर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पंडुरोग (रक्तक्षय) असेल तर त्यावर उपचार करावेत. दृष्ट काढणे, खान्देशच्या कानबाई देवीला नवस बोलणे चालूच राहते. त्यावरून आईला हिणवण्यात काही हशील नाही; नवसाबरोबर कानांची तपासणीही झाली, म्हणजे पुरे.

दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याची अनेक कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात आणि उपचार कित्येक महिने तुटतो. अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक फाइल कामी येते: जन्माचा व लसीकरणाचा कागद, कानांचा अहवाल, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, आणि शेवटच्या पानावर अंगणवाडीताईने लिहून दिलेली ओळ, की मूल आज काय काय करते: पाच शेंगा सोलते, हाकेला वळते, ‘पानी’ म्हणते.