प्रारंभिक मूल्य नसलेले व्हेरिएबल (सी भाषा)

सी भाषेत फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या साध्या व्हेरिएबलला किंमत दिली नाही, तर त्यात काय असेल याची हमी भाषा देत नाही. आधीच्या फंक्शनने स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या किंमती ठेवण्याच्या मेमरीत) मागे सोडलेले काहीतरी बहुधा हाती लागते. ग्लोबल (फंक्शनबाहेर जाहीर केलेले) आणि स्टॅटिक (प्रोग्राम संपेपर्यंत टिकणारे) व्हेरिएबल मात्र शून्यापासून सुरू होतात. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो.

वडोदऱ्यात 1890 साली सुरू झालेले कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. तिथल्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने दांडिया बाजारातल्या गणेश मंडळासाठी वर्गणीचा प्रोग्राम लिहिला, असे समजू. ‘एकूण’ला शून्य द्यायचे राहिले, तर बेरीज कधी बरोबर येते, कधी भलतीच. इथे शून्य देणे हाच खरा उपाय. ‘दर’चे तसे नाही. स्विचमध्ये, म्हणजे प्रकारानुसार वाट निवडणाऱ्या रचनेत, वार्षिक आणि आजीव सभासदांचे दर लिहिले, देणगीदार राहून गेले. कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) बजावतो, की ‘दर’ किंमत न मिळताच वापरला जाऊ शकतो. घाईने तिथेही शून्य टाकले की इशारा जातो, आणि देणगीदाराला शून्य रुपयांची पावती मिळते. म्हणून कोणत्या वाटेने व्हेरिएबल किंमतीविना पुढे जाते, ते आधी शोधावे आणि त्या वाटेवर स्पष्ट एरर द्यावी.

व्हेरिएबल ‘नक्की’ किंमतीविना वापरले जाते आणि ‘कदाचित’ वापरले जाते, हे दोन इशारे जीसीसी या कंपायलरने 4.7 आवृत्तीपासून (2012) वेगळे केले. ‘कदाचित’वाला ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची प्रक्रिया) चालू असल्याशिवाय मिळत नाही; तेव्हा एकदा तरी ते चालू करणारा ओ-टू पर्याय लावून कंपाइल करावेच. तो पुष्कळदा खोटाही ठरतो. लिनक्स कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) 2020 मध्ये तो नेहमीच्या बिल्डमधून बंद केला. उलट, व्हेरिएबलचा पत्ता स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनला दिला की ते भरले गेले असे कंपायलर सहसा धरून चालतो, मग वाचन फसले तरी. अशी चूक प्रोग्राम चालवताना व्हॅलग्राइंड हे मेमरीतल्या चुका शोधणारे साधन पकडू शकते.

व्हॅलग्राइंडची तक्रार मिटवण्यासाठी डेबियन या लिनक्स वितरणात 2006 साली ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांतली एक यादृच्छिकता गोळा करणारी होती. ती गेल्यावर प्रोसेस क्रमांकाखेरीज (चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या क्रमांकाखेरीज) बदलणारे फारसे काही उरले नाही, आणि एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या जेमतेम 32,768 वेगवेगळ्या सांकेतिकीकरणाच्या किल्ल्या तयार होऊ लागल्या. हे उघडकीला यायला मे 2008 उजाडला.