विटबिअर

विटबिअर ही बेल्जियममधली गव्हाची बिअर. रंग फिकट पिवळा, गढूळ. वर पांढरा दाट फेस. वासाला संत्र्याची साल आणि धणे. मद्यार्क साधारण साडेचार ते साडेपाच टक्के आणि कडवटपणा अगदीच कमी. कडू लागते म्हणून बिअरला नाक मुरडणाऱ्याने क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या बिअरची, ओळख हिच्यापासूनच करून घ्यावी.

हिचे गाव होगार्डन, ब्रसेल्सच्या पूर्वेला. तिथे ती काही शतके बनत होती. पण लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नितळ बिअरची चलती वाढली तशा गावातल्या ब्रूअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, एकेक करून मिटल्या आणि १९५७ मध्ये तोमसिन या शेवटच्या ब्रूअरीलाही टाळे लागले. तिच्या शेजारीच वाढलेला, तिथे अधूनमधून हाताखाली राबलेला पिएर सेलिस दूध घालायचा धंदा करी. १९६६ च्या सुमारास त्याने ही बिअर पुन्हा काढायला घेतली. एका दूधवाल्याने हे मनावर घेतले नसते, तर आज विटबिअर फक्त जुन्या कागदांत उरली असती. १९८५ मध्ये त्याची ब्रूअरी आगीत सापडली, मदतीला आलेल्या मोठ्या कंपनीकडे ती पुढे गेली, आणि सेलिसने अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला नवी ब्रूअरी थाटली.

हिच्या धान्यात जवळजवळ निम्मा गहू असतो, तोही मोड न आणलेला. बाकी बार्लीचे मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, कधी थोडे ओट्स. या कच्च्या गव्हातली प्रथिने आणि स्टार्च यांमुळे बिअर गढूळ दिसते. ती खराब झालेली नसते. भरडलेले धणे आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल धान्याचा अर्क उकळताना शेवटच्या काही मिनिटांत टाकतात. आधी टाकली तर सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. आपल्याकडचे लांबट धणे वासाला लिंबाच्या जवळ जातात, म्हणून परदेशातले कित्येक घरगुती ब्रूअर ते भारतीय किराणा दुकानातून मुद्दाम आणतात. धणे जास्त झाले की मात्र बिअरला मसाल्याच्या डब्याचा वास येतो.

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअऱ्यांतही विटबिअर सहज मिळते. बाटलीतली पिताना आधी बरीचशी ग्लासात ओतावी, उरलेली बाटलीतच हलकेच फिरवून तळाचे यीस्ट वर आणावे आणि मग ओतावी. ग्लासच्या कडेला लिंबाची किंवा संत्र्याची फोड खोचून दिली, तर पहिला घोट ती काढूनच घ्यावा. फोडीच्या वासाखाली धणे हरवतात.