उंच वैमानिकाला कोणते हलके विमान बसेल?

हवाई दलात वैमानिक व्हायची तयारी करणाऱ्या मुलामुलींना काही आकडे तोंडपाठ असतात. बसलेली उंची ८१.५ ते ९६ सेंमी, पायांची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंमी. कॉकपिटात कुणी उभे राहत नाही, म्हणून मापे बसलेल्या शरीराची घेतात. हौसेने छोटे विमान घेणारा उंच माणूस मात्र ‘सहा फूट चार इंचांचा माणूस यात मावतो का?’ असे विचारतो आणि विक्रेता ‘हो’ म्हणतो. प्रश्नच अपुरा आहे. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचे धड. पहिल्याचा गुडघा पॅनेलला, म्हणजे समोरच्या उपकरणांच्या फळीला अडतो, दुसऱ्याचे डोके छताला.

अमेरिकेत २००४ साली ‘लाइट स्पोर्ट’ हा विमानांचा वर्ग सुरू झाला. त्याच्या मूळ अटी अशा: जास्तीत जास्त दोन आसने, एक इंजिन, जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे कमाल वजन ६०० किलो आणि सपाट उड्डाणात कमाल वेग १२० नॉट (ताशी सुमारे २२२ किमी). एवढ्या वजनात सगळे बसवायचे, तर केबिनचा प्रत्येक सेंटिमीटर महाग पडतो. म्हणून विमान पाहायला जाण्याआधी घरीच भिंतीला पाठ टेकून कडक बाकावर बसा आणि तीन मापे घ्या: बाकापासून टाळूपर्यंत, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत आणि उडताना घालणार त्या बुटाची लांबी. १९३ सेंमी उंचीच्या माणसाचे पहिले माप साधारण १०० सेंमी येते. त्यात हेडसेटच्या पट्टीचे ३ सेंमी धरा आणि वर निदान चार बोटे जागा मोकळी सोडा. उन्हाळ्याच्या दुपारी हवा हादरे देते, तेव्हा पट्टे घट्ट असले तरी शरीर उचलले जातेच.

पंख वर असलेल्या विमानात उंच माणसाची अडचण वेगळी असते. डोके छताला टेकत नाही, पण डोळे पंखाच्या खालच्या कडेच्या वर जातात. बाजूचे पाहायला दर वेळी मान वाकवावी लागते. वळताना तर आतल्या बाजूचा पंख आणखी खाली येतो आणि नेमके जिकडे वळायचे तिकडचे आकाश झाकतो. ही गैरसोय नाही, धोका आहे. आसनात बसून दोन्ही बाजूंचे क्षितिज मान न वाकवता दिसते का, हे सगळ्यात आधी पाहा.

जागा कमी पडली की दोन उपाय सुचवले जातात. पहिला, पाठ मागे रेलवण्याचा. १०० सेंमी बसलेली उंची असेल आणि पाठ १० अंशांऐवजी २५ अंश रेलली, तर हिशेबाने टाळू ८ सेंमी खाली येते. प्रत्यक्षात समोर पाहायला मान सरळच ठेवावी लागते, म्हणून फायदा त्याहून कमी मिळतो. शिवाय हात पॅनेलपासून दूर जातात आणि फार रेलल्यास धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू शकतो.

दुसरा उपाय गादी काढण्याचा किंवा पातळ मऊ स्पंज घालण्याचा. हे करू नका. विमान जोरात आदळते तेव्हा आसन आधी थांबते, शरीर मऊ स्पंजातून खाली जातच राहते आणि स्पंज पूर्ण दबला की कडक तळावर आपटते. तो धक्का कमरेच्या मणक्यांना बसतो. गादी पातळ करायचीच, तर सावकाश दबणारा, ऊर्जा शोषणारा फोम वापरा आणि तोही उत्पादकाने त्या आसनासाठी मान्य केलेला.

खांद्याच्या पट्ट्याकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. पट्टा खांद्यावरून मागे जाताना आडवा किंवा वर चढणारा असावा, चढ ३० अंशांपर्यंत चालतो. उतार ५ अंशांपेक्षा जास्त नको, असे अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाचे मार्गदर्शन आहे. उंच माणसाचा खांदा पट्टा मागे जिथे अडकवतात त्या खुंटीपेक्षा वर गेला, तर धडकेत ताणलेला पट्टा त्याला मागे धरता धरता खाली दाबतो. उतार ३० अंश असेल, तर पट्ट्यातला अर्धा ताण थेट मणका दाबण्यात जातो. पट्टे बांधून बसा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत कोन लगेच दिसतो.

आता पाय. पट्टे आवळून, बूट घालून, शेजारी सोबती बसवून स्टिक, म्हणजे विमान वळवण्या-उचलण्याचा हाताचा दांडा, पूर्ण मागे ओढा, मग मागेच ठेवून पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे न्या. त्याच वेळी रडरचे (शेपटीच्या सुकाणूचे) पायाचे पेडल आळीपाळीने दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत दाबा. एक पाय पुढे गेला की दुसऱ्याचा गुडघा वर आणि मागे येतो आणि स्टिक नेमकी तिथेच मांडीला अडते. बाजूच्या वाऱ्यात उतरताना हाच ‘अडलेला’ भाग लागतो. सेसना १६२ मध्ये स्टिक पॅनेलखालून येते, झेनिथ सीएच ७५० मध्ये दोघांच्या मधे इंग्रजी वाय आकाराची एकच स्टिक असते. या दोन्हींत मांड्या मोकळ्या राहतात. बुटाचे टोक वर पॅनेलखाली घासते का आणि रडर दाबताना पेडलच्या वरच्या टोकाचा ब्रेक नकळत लागतो का, हेही तपासा. फ्लाइट डिझाइनच्या सीटीएलएसमध्ये ब्रेक हाताच्या दांड्याने लावतात, मोठ्या पावलांना ते सोयीचे. काही विमानांत आसन सरकते, काहींत आसन पक्के आणि पेडल सरकतात. सेसना १६२ दुसऱ्या प्रकारातले आहे.

केबिनची रुंदी कोष्टकात मिळते. ब्रिस्टेल १३० सेंमी, सीटीएलएस १२४, सेसना १६२ सुमारे ११२, व्हॅन्स आरव्ही-१२ सुमारे १०९. ही रुंदी खांद्यांच्या पातळीवरचीच आहे ना, एवढे विचारून घ्या. जुन्या पायपर जे-३ कबचा आकर्षक भाव पाहून हुरळण्याआधी पुढच्या आसनात बसून पाहा. समतोलासाठी ते एकट्याने मागच्या आसनावरून उडवतात आणि पुढे उंच माणसाचे पाय फार आखडतात.

अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटला, म्हणजे हलकी विमाने उडवण्याचा सोपा परवाना असलेल्याला, विमानाच्या वजनाची अट उरलेली नाही. त्याऐवजी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) न उघडता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलून धरू शकत नाहीत तो वेग, ५९ नॉटपर्यंत असावा लागतो. त्यामुळे सेसना १७२ सारखी विमानेही आवाक्यात आली, पण मोठे विमान म्हणजे ऐसपैस केबिन नव्हे. १७२ ची केबिन जेमतेम १ मीटर रुंद आहे.

जुन्या लाइट स्पोर्ट विमानांची ६०० किलोंची मर्यादा या बदलाने वाढलेली नाही. उंच माणूस बहुधा वजनदारही असतो, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा. सेसना १६२ चे रिकामे वजन सुमारे ३७७ किलो. उरले २२३. तुम्ही १०० किलोंचे, प्रशिक्षक ८० किलोंचा, सामान काहीच नाही. इंधनाला उरले ४३ किलो, म्हणजे लिटरला ०.७२ किलो धरून ६० लिटरच्या आत. टाकी ९१ लिटरची असली तरी ती भरता येणार नाही. ताशी २१ लिटर खप आणि अर्ध्या तासाचे राखीव इंधन धरले, तर हाती राहतात सव्वादोन तास. आसन सरकणाऱ्या विमानात ते १० सेंमी मागे नेता येत असेल, तर त्याचाही हिशेब करा. तुमच्या १०० किलोंमुळे ६०० किलोंच्या विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू, १.७ सेंमी मागे जातो. विमानाच्या हँडबुकमधल्या मागच्या मर्यादेपासून तो किती आत राहतो, ते भरल्या आणि रिकाम्या टाकीसाठी वेगवेगळे काढा, कारण टाकी कुठे आहे त्यावर उत्तर बदलते. आरव्ही-१२ मध्ये ती आसनांच्या मागे आहे, त्यामुळे इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो.