गोळी घेतली का? टीबी, मेडिकलवाले आणि लॉकडाऊनमधले फोन

लॉकडाऊनमध्ये आम्ही मेडिकलवाले टीबीच्या पेशंटना फोन करून गोळ्यांची चौकशी करायचो असं सांगितलं की लोकांना वाटतं कोविडमुळे काहीतरी नवीनच सुरू झालं असेल. खरं तर टीबीच्या औषधांची सगळी गोष्ट एकाच प्रश्नाभोवती फिरत आलीये, पेशंट गोळी गिळतोय का आणि ते बघणार कोण. फोन त्यात बऱ्याच उशिरा आला आणि काउंटरवाला तर त्याहून उशिरा.

पुण्यापुरतं बघायचं तर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये इथेच क्षयाने गेल्या. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं २४ मार्च १८८२ ला, म्हणजे पाच वर्षंही झाली नव्हती आणि औषधाचा पत्ताच नव्हता. पुढची कितीतरी वर्षं हवा हेच औषध. ज्याला परवडेल तो पाचगणीला नाहीतर मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियममध्ये जायचा, बाकीच्यांचं घरातच ताट-वाटी वेगळं.

१९४० च्या दशकात टीबीवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन आलं, पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते बनायला लागलं. पण खरा फरक पाडला मद्रासच्या अभ्यासाने. १९५६ मध्ये तिथे काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल छापून आले, घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले होते आणि घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. म्हणजे खाटेवर झोपवायची गरज नाही, औषध पोटात गेलं पाहिजे. झालं, सॅनेटोरियमचे दिवस भरले, पण तिथे समोर उभी राहून गोळी देणारी नर्सही त्यांच्यासोबत गेली ना. १९६२ ला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, पेशंट औषधं घरी न्यायचे, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर थोडं मांस चढलं की गोळ्या बंद. हे आजही तसंच आहे, काउंटरवर रोज बघतो.

त्यावर उपाय म्हणून १९९७ पासून डॉट्स देशभर न्यायला सुरुवात झाली, आठवड्यातून तीनदा कुणाच्यातरी समोर गोळी गिळायची. कागदावर बरोबरच, पण रिक्षावाल्याने सकाळचा धंदा सोडून केंद्रावर जायचं, तेही गल्लीतल्या कुणी बघू नये असा रुमाल तोंडाला बांधून, त्याचा हिशोब कुणी केला नाही. काही ठिकाणी मेडिकलवालेही डॉट्स द्यायचे. २०१७ पासून रोज घ्यायच्या, एकाच गोळीत अनेक औषधं असलेल्या एकत्रित गोळ्या आल्या आणि त्याच सुमारास ९९डॉट्सही पसरलं. माझ्या मते ही यातली सगळ्यात हुशार आयडिया. पाकिटातून गोळी काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर पेशंटने मिस्ड कॉल द्यायचा, कॉल आला म्हणजे आज गोळी घेतली. साध्या मोबाईलवर, फुकट. पण मिस्ड कॉलला उलट प्रश्न विचारता येत नाही. उलटी झाली, डोळे पिवळे दिसतायत, हे कुणाला सांगायचं?

आम्हाला मात्र सरकारने तोपर्यंत वेगळ्याच कामाला लावलं होतं. २०१२ मध्ये टीबी कळवण्याजोगा आजार ठरला, म्हणजे पेशंटची नोंद सरकारला द्यायची, मार्च २०१४ पासून टीबीची औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे त्यांचं वेगळं रजिस्टर आणि ते तीन वर्षं जपायचं. २०१८ मध्ये केमिस्टनेही पेशंट कळवायचे असं गॅझेट निघालं. समुपदेशन हे फार्मासिस्टचं काम आहे असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमात लिहिलंय म्हणा, पण विचारतं कोण.

मग २०२० उजाडलं. राज्यातले पहिले कोविड पेशंट ९ मार्चला पुण्यातच सापडले. २४ मार्चला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि तो जागतिक क्षयरोग दिन होता, हे मला फार नंतर लक्षात आलं. एप्रिलमध्ये पेठांमध्ये पत्रे लागले. खोकला आला तरी लोक दाबून धरायचे. देशात २०१९ मध्ये २४ लाखांवर टीबी पेशंटची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांच्या आसपास आली. टीबी कमी झाला नव्हता, पेशंट दवाखान्यापर्यंत पोचत नव्हते.

आमच्याकडे एक मावशी यायच्या, खाजगी डॉक्टरांकडून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू होती. तारीख उलटून गेली तरी आल्या नाहीत म्हणून मी फोन लावला. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, लघवी लाल होतीये, म्हणून बंद केल्या हो." किती दिवस झाले? चार. अहो मावशी, तो रिफाम्पिसिनचा, तुमच्या टीबीच्या औषधाचा रंग आहे, रक्त नाही, घाम आणि डोळ्यातलं पाणीपण तसंच होतं, घाबरू नका. "मग आधी सांगायचं ना." बरोबर होतं त्यांचं. बाहेर खडूच्या गोलात वीस माणसं उभी असताना कोण सांगणार, आणि त्याआधीच्या महिन्यात गोल नव्हते तेव्हा तरी मी कुठे सांगितलं होतं? मग बाकीचंही विचारून घेतलं, उपाशीपोटी घेता का, हातापायाला मुंग्या येतात का, रंग नीट दिसतात का (इथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच औषधाने नजरेवर परिणाम होऊ शकतो), उलट्या, भूक, डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर. चार दिवस चुकल्याचं डॉक्टरांना सांगायचं होतं, क्लिनिकचा नंबर दोन दिवस लागेना, शेवटी त्यांच्या कंपाउंडरला व्हॉट्सअ‍ॅप केलं. डॉक्टर म्हणाले, आजपासूनच परत चालू करा.

त्यानंतर दर आठवड्याला फोन. बाकीच्या चार-पाच पेशंटनाही. दुसऱ्या-तिसऱ्या फोनपासून मावशी स्वतःच बोलायला लागल्या, सून वेगळं ताट देते, नातवाला जवळ येऊ देत नाही. हे त्या काउंटरवर कधीच बोलल्या नसत्या.

लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, २५ मार्चला, टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून पेशंट तपासायच्या, गाइडलाइन्स आल्या, पण त्या डॉक्टरांसाठी. दुसऱ्या दिवशी घरपोच औषधं द्यायला परवानगी मिळाली. म्हणजे गोळी घरी पाठवायची सोय झाली, गोळीबद्दल फोनवर बोलायची आमची सोय कुठेच लिहिली गेली नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०११ पासून काही आजारांचं नवीन औषध चालू झालं की फार्मासिस्ट फोनवरही चौकशी करतो आणि त्याचे त्याला पैसे मिळतात, त्यात टीबी नाही पण कामाला नाव तरी आहे. आमच्या एच१ रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं एवढंच. मावशींच्या फोनच्या तारखा मी त्याच रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहायचो.